पितळेच्या मेणसाच्यातील ओतकामात काळे आणि गुलाबी डाग: बर्नआउटमध्ये काय चुकते आहे?

ओतीव

नमस्कार. गेली दीड वर्षे मी रत्नागिरीजवळ घराच्या पडवीत मेणाचे नमुने करून पितळेचे लहान ओतकाम करतो आहे. समईच्या टोकावर बसणारे हंस आणि मोर, निरांजनाच्या मुठी आणि देवघरातल्या चार ते सात सेंटिमीटर उंचीच्या मूर्ती एवढाच माझ्या कामाचा आवाका आहे. लहान फ्लास्क, म्हणजे साचा ओतायची धातूची नळकांडी, वापरत होतो तोवर पृष्ठभाग समाधानकारक येत असे. पावसाळ्याच्या तोंडावर मी १०० मिलिमीटर व्यासाचे आणि १५० मिलिमीटर उंचीचे फ्लास्क आणले, मेणाच्या एका झाडावर, म्हणजे सामाईक खोडावर, बारा-तेरा नमुने लावू लागलो, आणि तेव्हापासून सलग पाच ओती बिघडल्या आहेत.

बिघाड तीन प्रकारचा दिसतो. मोराच्या पिसाऱ्याच्या खाचांमध्ये आणि मूर्तीच्या मुकुटाखाली काळे-करडे डाग राहतात आणि ते आम्लात कितीही वेळ ठेवले तरी जात नाहीत. उरलेला भाग आम्लातून काढल्यावर पितळेच्या पिवळ्या रंगाऐवजी तांब्यासारखा गुलाबी दिसतो. शिवाय जाड भागांवर, विशेषतः पायथ्याशी, बारीक वाळू चिकटल्यासारखा खरखरीतपणा येतो.

साच्यासाठी मी दागिन्यांच्या कामाला मिळणारी जिप्समची इन्व्हेस्टमेंट (साच्याची) पावडर वापरतो आणि १०० भाग पावडरीला ४० भाग पाणी घेतो. भट्टी विजेवर चालणारी मफल भट्टी आहे. मेण वितळले की तापमान थेट वर चढवत एकूण पाच तासांत बर्नआउट, म्हणजे साचा तापवून आतले मेण जाळून काढणे, पूर्ण करतो. आधी ७५० अंश सेल्सिअसपर्यंत जात होतो. डाग म्हणजे न जळलेले मेण असावे असे वाटून मागच्या दोन ओतींत ८०० अंशांपर्यंत गेलो, तर डाग कमी होण्याऐवजी वाढले. पितळ ७०-३० आहे, म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. कुठून तपासायला सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

मूसकार

उत्तर देण्याआधी काही गोष्टी विचारतो, कारण काळा डाग, गुलाबी थर आणि खरखरीतपणा हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांना एकच औषध दिले की एकही बरा होत नाही.

ओतल्यानंतर साचा पाण्यात फोडता तेव्हा आतली माती कोणत्या रंगाची दिसते? साचा पाण्यात बुडवताना सडक्या अंड्यासारखा वास येतो का? भट्टीला धूर जाण्यासाठी वर छिद्र आहे का, आणि बर्नआउट चालू असताना ते उघडे असते का? आम्लातून वस्तू कशाने काढता? पावडरीचे पोते केव्हा उघडले?

ओतीव

प्रश्न वाचूनच काही गोष्टी लक्षात येऊ लागल्या आहेत. साच्याची माती बाहेरून पांढरी असते, परंतु झाडाच्या खोडाभोवती आणि मधल्या भागात करडी, काही ठिकाणी शिसपेन्सिलीच्या रंगाची असते. वास येतो, आणि तो तीव्र असतो; तो पावडरीचाच वास असेल असे मी समजत होतो. भट्टीच्या माथ्यावर अंगठ्याएवढे छिद्र आहे, पण वीज वाया जाऊ नये म्हणून मी ते सिरॅमिक लोकरीने बंद करतो. आम्लातून वस्तू लोखंडी सांडशीने काढतो. पावडरीचे पोते एप्रिलमध्ये उघडले आणि त्यानंतर ते दोरीने तोंड बांधून कोपऱ्यात ठेवले आहे.

मूसकार

तर मग रोगाचे मूळ सापडले असे मी धरून चालतो. तुमच्या साच्यात कार्बन उरतो आहे आणि तो उरण्याचे कारण उष्णतेची कमतरता हे नसून हवेची कमतरता हे आहे.

मेणाचा बहुतांश भाग वितळून खाली गळतो, पण जो थोडा भाग साच्याच्या भिंतीत शिरतो त्याचा आधी कोळसा होतो आणि मग तो कोळसा प्राणवायूशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो. विजेच्या भट्टीत ज्वाला नसल्यामुळे हवा आपोआप खेळत नाही. छिद्र बंद केले, दार घट्ट लावले, की आतला प्राणवायू पहिल्या तासाभरातच संपतो. त्यानंतर तापमान ७०० असो वा ८००, कोळसा कोळसाच राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पाच तासांचे वेळापत्रक साधारण ६०-६५ मिलिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या फ्लास्कसाठी असते. तुमच्या मापाच्या फ्लास्कला बारा तास लागतात. मी जे वेळापत्रक पाळत आलो ते असे: १५० अंशांवर दोन तास, ३७० अंशांवर दोन तास, ४८० अंशांवर दोन तास, ७३० अंशांवर चार तास, आणि त्यानंतर ओतण्याच्या तापमानावर आणून तिथे दोन तास. पितळेच्या जाडसर वस्तूंसाठी साचा साधारण ४५० अंशांवर आणि नाजूक जाळीकामासाठी ५५० अंशांच्या आसपास असावा. हे टप्पे केवळ मेणासाठी नाहीत. जिप्सममधले पाणी १०० ते २०० अंशांच्या दरम्यान सुटते, २०० ते २८० अंशांच्या पट्ट्यात पावडरीतले क्रिस्टोबलाइट (सिलिकेचा एक प्रकार) फुगते आणि ५७३ अंशांना क्वार्ट्ज फुगते. या जागांवरून घाईने गेले की साच्याला केसाएवढ्या चिरा पडतात आणि वस्तूवर पातळ पंख उमटतात.

फ्लास्क सुरुवातीला तोंड खाली करून ठेवावा, म्हणजे मेण गळून जाईल, पण तो भट्टीच्या तळावर टेकवू नये. सिरॅमिकच्या तुकड्यांवर बोटभर उंच ठेवावा. मेण पूर्ण गळल्यावर, म्हणजे ३७० अंशांचा टप्पा संपत आला की, जाड हातमोजे घालून आणि लांब चिमट्याने फ्लास्क उलटा करावा, म्हणजे तोंड वर येऊन पोकळीत हवा उतरेल. माथ्याचे छिद्र अखेरपर्यंत उघडे ठेवावे आणि दाराच्या खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट राहू द्यावी, म्हणजे खालून गार हवा येऊन वरून निघेल. यात वीज अधिक लागते, हे मान्य आहे. पण बिघडलेल्या बारा मूर्तींच्या पितळेची आणि मेहनतीची किंमत त्याहून अधिक आहे.

ओतण्याआधी फ्लास्कच्या तोंडातून आत पाहावे. ओतमार्गाच्या भिंती स्वच्छ पांढऱ्या दिसल्या तरच ओतावे. करड्या दिसल्या तर ७३० अंशांवर आणखी एक-दोन तास ठेवावे, तापमान मात्र वाढवू नये.

क्षारपट

मी रसायनशास्त्र शिकवतो, ओतकाम करत नाही. पण तापमान वाढवल्यावर डाग वाढले, या ओतीव यांच्या निरीक्षणाला नेमके कारण आहे, म्हणून लिहितो.

साचा धरून ठेवणारे जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शुद्ध हवेत ते बरेच तापमान सहन करते. पण त्याच्या शेजारी कार्बन असेल तर ७०० अंशांच्या पुढे कार्बन सल्फेटमधला प्राणवायू ओढून घेतो आणि कॅल्शियम सल्फाइड तयार होते. हे सल्फाइड उरलेल्या सल्फेटशी मिळून सल्फर डायऑक्साइड वायू सोडते. म्हणजे साच्यात कोळसा शिल्लक असताना तापमान ८०० अंशांवर नेले, तर आपण मेण जाळत नसून गंधक तयार करत असतो. हजार अंशांचे पितळ त्या भिंतीला टेकते तेव्हा तर ही क्रिया आणखी वेगाने होते. गंधकाचा वायू पितळेतल्या तांब्याशी संयोग पावून काळे तांब्याचे सल्फाइड तयार करतो आणि काही वायू गोठणाऱ्या धातूत अडकून बारीक छिद्रे पाडतो.

सडक्या अंड्याचा वासही यातलाच आहे. कॅल्शियम सल्फाइडला पाणी लागले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जो साचा पाण्यात बुडवताना असा वास देतो, त्याचे बर्नआउट अपुरे झाले असे खुशाल समजावे. हा वायू विषारी आहे आणि तो गरम पितळेला त्याच क्षणी काळे करतो, म्हणून हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून करावे.

हे डाग आम्लात का जात नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. तांब्याचे काळे ऑक्साइड विरल गंधकाम्लात सहज विरघळते, सल्फाइड विरघळत नाही. त्यामुळे घरच्या घरी ओळख पटवता येते: दहा टक्के कोमट गंधकाम्लात पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यावर काळेपणा गेला तर ते ऑक्साइड होते, तसाच राहिला तर गंधकाचा डाग आहे. चिंच किंवा लिंबूही हाच भेद दाखवतात, फक्त अधिक वेळ घेतात.

जुनी_भट्टी

वरच्या दोन्ही मतांशी मी सहमत नाही. आमच्या कारखान्यात साचे ८७० अंशांपर्यंत आणि कधी त्याही पुढे तापवतात, आणि काळा डाग कधी दिसला नाही. कमी तापमानावर बारा तास भट्टी चालवणे म्हणजे वेळ आणि वीज या दोन्हींची नासाडी आहे. थेट वर न्यावे, कोळसा जळून जातो.

मूसकार

तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण एक गोष्ट विचारतो: तुमचे साचे फ्लास्कमध्ये ओतलेले असतात, की मेणाच्या झाडाला पातळ लेपात बुडवून, त्यावर वाळू शिंपडून, थरावर थर चढवून तयार केलेले असतात?

जुनी_भट्टी

थर चढवून. सात-आठ थर असतात, कवच बोटाच्या निम्म्या जाडीचे होते.

मूसकार

तर मग आपण दोघेही खरे बोलत आहोत. तो सिरॅमिक शेलचा साचा आहे. त्यात बांधणारा पदार्थ कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकेचे अतिसूक्ष्म कण, असतो, जिप्समचा त्यात अंशही नसतो, त्यामुळे गंधक येणार कुठून? शिवाय कवच पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे हवा सर्व बाजूंनी आत शिरते. त्या साच्याला ८७० अंश योग्यच आहेत. जिप्समच्या साच्याला मात्र ७५० अंशांच्या वर नेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. हा प्रश्न इथे आला हे फार बरे झाले, कारण एका प्रकारच्या साच्याचा सल्ला दुसऱ्या प्रकाराला लावल्यामुळे किती ओती वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुनी_भट्टी

हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. ओतीव यांनी माझा वरचा सल्ला सोडून द्यावा.

तारकाम

मी मुंबईत चांदी आणि पितळेचे दागिने करते. काळ्या डागांबद्दल पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त गुलाबी थराबद्दल लिहिते.

गुलाबी थर म्हणजे जवळजवळ नेहमीच शुद्ध तांब्याचा अतिशय पातळ थर असतो आणि तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट लोखंडाची. आम्लात वापरागणिक तांबे विरघळत जाते आणि आम्ल निळसर होते. त्यात लोखंडी सांडशी, तार किंवा खिळा गेला की लोखंड विरघळते आणि आम्लातले तांबे पितळेवर जाऊन बसते. ओतीव यांनी ती सांडशी आजच बाजूला ठेवावी आणि तांब्याचा, प्लास्टिकचा किंवा बांबूचा चिमटा वापरावा. एकदा लोखंड शिरलेले आम्ल पुन्हा भरवशाचे राहत नाही, ते बदलावे.

दुसरी वाट लाल ऑक्साइडची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. गरम पितळेवर काळ्याबरोबर तांब्याचे लाल ऑक्साइडही तयार होते. ते गंधकाम्लात गेले की त्यातले निम्मे तांबे विरघळते आणि निम्मे तिथेच धातुरूपात उरते. त्यामुळे आम्ल नवे असले आणि लोखंड त्याच्या जवळपासही नसले, तरी वस्तू गुलाबी निघू शकते. तिसरी वाट म्हणजे वस्तू आम्लात विसरून जाणे. रात्रभर ठेवलेल्या पितळेतले जस्त आधी विरघळते आणि वर तांबे उरते. वीस मिनिटांच्या पुढे माझ्याकडे कोणतीही वस्तू आम्लात राहत नाही.

उपाय सोपा आहे, पण काळजीपूर्वक करावा. नव्या विरल आम्लात तेवढेच तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळावे. औषधाच्या दुकानात बहुधा सहा टक्क्यांचे मिळते, ते आधी तेवढेच पाणी घालून पातळ करून घ्यावे. वस्तू त्यात सोडून समोर उभे राहावे, कारण गुलाबी थर काही मिनिटांतच जातो आणि नंतर ते मिश्रण पितळेलाच खाऊ लागते. हे मिश्रण झाकण लावून साठवू नये, वायू साठून भांडे फुटते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

त्यानंतर वस्तू खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावी, साध्या पाण्यात पुन्हा उकळावी आणि लगेच कोरडी करावी. धातूत बारीक छिद्रे असतील तर त्यात आम्ल दडून बसते आणि आठवड्याभराने, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, वस्तूवर हिरवट-पांढरे ठिपके फुटतात. ते पॉलिश करून जात नाहीत, पुन्हा येतात. माझ्याकडे एका ग्राहकाने अशी पैंजणांची जोडी तीनदा परत आणली होती. शेवटी सोड्यात उकळून, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवल्यावर ती शांत झाली.

पांढरीमाती

विषयाला धरूनच एक निरीक्षण नोंदवतो. मी चंद्रपूरचा, आणि काही वर्षांपूर्वी बस्तरमधल्या कोंडागावला मेणाच्या नमुन्यावरून पितळ ओतणाऱ्या घडवा कारागिरांचे काम जवळून पाहिले. त्यांच्या साच्यात माती, शेण आणि भाताचा कोंडा असतो, म्हणजे कार्बनाला तोटा नाही. फोडलेला साचा आतून काळा कुळकुळीत असतो. तरीही वस्तूवर आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तसा न निघणारा डाग मला दिसला नाही. त्या वेळी याचे आश्चर्य वाटले होते; आज क्षारपट यांचा प्रतिसाद वाचून उलगडा झाला. त्या मातीत सल्फेट नाही. कोळसा एकटा पितळेला डाग देत नाही, उलट हवेतला प्राणवायू खाऊन धातूचे रक्षण करतो. जिप्सम आणि कोळसा एकत्र आले की मगच गंधक सुटते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या मूर्तीवर लावायच्या मातीत जळलेला तूस, कापसाचे बारीक कण आणि थोडे मीठ घालायला सांगितले आहे. साच्याला श्वास घेता आला पाहिजे, हे त्या काळच्या ओतणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तूस आणि कापूस जळून गेले की त्यांच्या जागी वायूला वाट मिळते. जिप्समच्या साच्याला ही वाट आपण पाण्याच्या प्रमाणातून आणि व्हॅक्यूममधून, म्हणजे पंपाने हवा ओढून, मिळवतो.

त्रिमिती

मी नमुने मेणाऐवजी ओतकामाच्या रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या पदार्थात) त्रिमिती छपाई यंत्रावर छापतो. माझ्यासारख्या कोणी हा धागा वाचत असेल तर इतकेच लक्षात ठेवावे की रेझिन वितळून गळत नाही, ते जागेवरच फुगते आणि मग जळते. त्यामुळे हवा आणि वेळ या दोन्ही गोष्टी मेणापेक्षा अधिक लागतात आणि रेझिन पूर्ण कडक झालेले नसेल तर पृष्ठभाग खात्रीने बिघडतो. धूर घरात येऊ देऊ नये.

ओतीव

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी परत लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

प्रथम भट्टीचा तापमापक खरे सांगतो का, ते तपासले. माझ्या एका नातेवाइकांनी सुचवलेली युक्ती वापरली: रिकाम्या भट्टीत चिनीमातीच्या एका तुकड्यावर शुद्ध ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा आणि दुसऱ्या तुकड्यावर चिमूटभर मीठ ठेवले. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि मीठ ८०१ अंशांना. तापमापकावर ७३० दिसत असताना तार वितळून बसायला हवी आणि मीठ दाणेदार राहायला हवे. तार बसली, पण मिठाचाही काही भाग काचेसारखा झाला होता. म्हणजे माझी भट्टी दाखवते त्यापेक्षा किमान ७० अंश अधिक तापत होती. मी ८०० समजत होतो तेव्हा ती ८७० च्या आसपास गेली असणार. तापमापकाचे टोक दाराजवळ, गार जागी होते. ते आता फ्लास्कच्या उंचीवर आणले आहे आणि पुन्हा तपासल्यावर मीठ तसेच राहिले.

दुसरे म्हणजे छिद्र उघडे ठेवले, फ्लास्क उचलून ठेवला, मधे उलटा केला आणि बारा तासांचे वेळापत्रक पाळले. ओतण्याआधी आत पाहिले तेव्हा भिंती पांढऱ्या होत्या. साचा पाण्यात बुडवल्यावर वास आला नाही. तो वास न येण्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. तेरापैकी अकरा मोर स्वच्छ निघाले, पिसाऱ्याच्या खाचांतसुद्धा काळेपणा नाही. बांबूचा चिमटा आणि नवे आम्ल वापरल्यावर गुलाबी थर फक्त दोन वस्तूंवर दिसला आणि पेरॉक्साइडने तो चार मिनिटांत गेला.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. जाड पायथ्यावरचा खरखरीतपणा कमी झाला, पण गेलेला नाही. आणि दोन मोरांच्या अंगावर वरून खाली ओघळ गेल्यासारख्या उंचवट्याच्या रेषा आहेत.

मूसकार

तापमापक तपासलात हे सर्वांत उत्तम केलेत. मी ते आधी सांगायला हवे होते.

ओघळांच्या रेषा पावडरीने दिल्या आहेत. एप्रिलपासून उघडे असलेले पोते आणि कोकणातला पावसाळा, यांचा संयोग असा होणारच. जिप्समची पावडर हवेतला ओलावा शोषते, मग ती हळू घट्ट होते, आणि घट्ट होईपर्यंत पाणी वेगळे होऊन नमुन्याच्या अंगावरून वर सरकते. ताज्या पावडरीच्या मिश्रणाची चकाकी साधारण बारा-पंधरा मिनिटांत जाते. तुमच्या पावडरीला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. वीस मिनिटांच्या पुढे गेले तर ते पोते मूर्तींसाठी वापरू नये. नवी पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. ती कालवताना तोंडावर धूळरोधक मुखपट्टी हवीच, कारण त्यातली सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही. मिश्रण ओतल्यावर साचा दोन तास हलवू नये, आणि तो दुसऱ्या दिवशी भट्टीत घालायचा असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. साच्यात ओल असली की तिची वाफ मेणाला भिंतीत शिरू देत नाही.

खरखरीतपणा हा धातूचा प्रश्न आहे. तुम्ही पितळ किती तापमानाला ओतता, हे लिहिलेले नाही. ७०-३० चे पितळ ९५५ अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. याचा अर्थ पितळ वितळलेले आहे तोवर त्यातून जस्त निसटतच असते, आणि ११०० अंशांना तर मुशीवर पांढऱ्या धुराचा लोट उभा राहतो. तो धूर साच्यात जाऊन भिंतीवर जस्त ऑक्साइडचा थर बसवतो आणि वस्तू त्या थराचा ठसा घेते. शिवाय अति तापलेले पितळ जाड भागात उशिरा गोठते, तिथली भिंत अधिक काळ तापलेली राहते, आणि म्हणून खरखर पायथ्याशीच दिसते. मुशीत टाकणखार घालून पितळ झाकून ठेवावे, १०३० ते १०५० अंशांच्या पुढे जाऊ नये, आणि वितळल्यावर रेंगाळू नये. जाड पायथ्याला ओतमार्गही तेवढाच जाड द्यावा आणि तो पायथ्यालाच जोडावा, म्हणजे सर्वांत शेवटी गोठणारा धातू वस्तूत नसून ओतमार्गात असेल. मोराच्या शेपटीला ओतमार्ग जोडून पायथा टोकाला ठेवला, तर पायथ्यात पोकळी राहणारच.

पांढऱ्या धुराबद्दल एक शब्द तब्येतीसाठी. तो श्वासात गेला की त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सकाळी उतरतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तसे करू नये.

तारकाम

पितळ कुठून आणता, हेही विचारते. नळांच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह यांच्या भंगारात बहुतेक वेळा शिसे असते, कारण ते घातल्याने पितळ कातायला सोपे जाते. शिसे पितळेत मिसळत नाही, त्याचे बारीक थेंब वेगळे राहतात आणि पृष्ठभागावर करडे ठिपके देतात. हे ठिपकेही डाग म्हणूनच दिसतात आणि कोणत्याही बर्नआउटने जात नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या मूर्ती देवघरात जातात, त्यांच्यावर दह्याचा आणि पंचामृताचा अभिषेक होतो, आणि ते आंबट तीर्थ घरातली मुलेही घेतात. त्या मूर्तींत भंगाराचे पितळ वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ओतीव

मी आजवर अर्धे पितळ भंगारातून घेत होतो, त्यात तोट्याही असत. अभिषेकाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मूर्तींसाठी यापुढे शुद्ध तांबे आणि जस्त वजन करून घेईन, आणि आधीच्या ज्या सात मूर्ती गावात दिल्या आहेत त्या बदलून देण्याचे ठरवले आहे.

पावडरीची परीक्षा घेतली: चकाकी जायला सव्वीस मिनिटे लागली. नवी पावडर आणली आहे. मोराचा ओतमार्ग आता पायथ्याला जोडला आहे आणि पितळ १०४० अंशांना ओतले. काल संध्याकाळी साचा फोडला. तेराही मोर पांढऱ्या मातीतून स्वच्छ निघाले, पायथ्यावरून बोट फिरवले तर गुळगुळीत लागते. एका मोराच्या चोचीत धातू पोहोचला नाही, त्या ठिकाणी मेणच फार बारीक झाले होते, तेवढे पुढच्या वेळी जाड करेन. माथ्याच्या छिद्रात कोंबलेली लोकर काढून टाकली आहे आणि भट्टीच्या दारावर खडूने ७३० आणि चार तास असे लिहून ठेवले आहे.